गैरफायदा : दोन गुणांचा प्रश्न

मराठीच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला असतो. खालील शब्दांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. शब्दाला दोन गुण, एक अर्थाचा आणि एक वाक्याचा. ज्यांनी कधी पेपर तपासले नाहीत त्यांना हा प्रश्न किरकोळ वाटेल. मुलांनाही तसाच वाटतो, कारण गाइडात वाक्य तयार मिळतं आणि ते पाठ करून टाकलं की काम झालं. हाल होतात ते तपासणाऱ्याचे. एका वर्गाचा गठ्ठा उघडला की पहिल्यापासून शेवटच्या पेपरापर्यंत तेच वाक्य भेटत राहतं. 'हेवा' म्हटलं की सगळ्या वर्गाला मित्राच्या यशाचा हेवा वाटतो. 'निसर्गरम्य' म्हटलं की सगळा वर्ग काश्मीरला जातो. आणि यातल्या निम्म्या पोरांनी नगरसुद्धा पाहिलेलं नसतं.

मी नोकरीला लागलो तेव्हा हे बंद करायचं ठरवलं. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. हे मी आजही कुणी विचारलं नाही तरी सांगतो. वडील जामखेडकडे घोंगड्या विणायचे. मी पास झाल्याचं कळल्यावर त्यांनी माग थांबवून विचारलं होतं, "आता शिकायचं काय ऱ्हायलं न्हाई ना?" मी म्हणालो, आता शिकवायचं राहिलं. पहिल्या पगारात मी धोतरजोडी, लुगडं आणि एक जाडजूड मराठी शब्दकोश घेतला. शब्दकोश पाहून आई म्हणाली, एवढ्यात एक शेळी आली असती.

शाळा श्रीगोंदा तालुक्यातली, गावाचं नाव लिहीत नाही. एका बाजूला कालव्याचं पाणी आणि ऊस, दुसऱ्या बाजूला माळ, आणि आमचं गाव नेमकं माळाच्या बाजूला. आजूबाजूच्या वाड्यांतून पोरं चालत यायची. पहिल्याच आठवड्यात मी नववीला सांगून टाकलं, "गाइडातलं वाक्य लिहिलं तर शून्य. वाक्य तुमच्या गावचं पाहिजे. ज्यात तुमच्या घरचा धूर दिसेल असं."

पोरांनी मनावर घेतलं. 'हेवा'ला वाक्य आलं, 'पाटलाच्या म्हशीला पेंड मिळते म्हणून आमच्या म्हशीला तिचा हेवा वाटतो.' 'निःस्वार्थी'ला आलं, 'आमचा बैल निःस्वार्थी आहे.' 'तारांबळ'ला एकाने लिहिलं, 'इन्स्पेक्टर साहेब येणार म्हटलं की गुरुजींची तारांबळ उडते.' मी तिघांनाही पूर्ण गुण दिले आणि तिसरा पेपर हेडमास्तरांना दाखवला.

आमचे हेडमास्तर पाटोळे सर. नगरच्या मिशनच्या शाळेत शिकलेले, उंच, वाळकुडे. रविवारी सायकलवर प्रार्थनेला जायचे आणि सोमवारी तीच इस्त्रीची पँट घालून शाळेत यायचे. हसले तरी मिशा हलायच्या नाहीत. त्यांनी वाक्य वाचलं आणि म्हणाले, "व्याकरण बरोबर आहे. सावध राहा."

मला वाटलं, ते इन्स्पेक्टरबद्दल सांगताहेत.

ते बहात्तरच्या दुष्काळाचं साल होतं. त्याच्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलंय, मी फक्त शाळेच्या कामापुरतं सांगतो. आमच्या शाळेची दर्शनी भिंत रस्त्याला लागून होती आणि तिच्यावर डांबर फासून केलेला मोठा फळा होता. डाव्या अर्ध्या भागात चित्रकलेचे शिक्षक रंगीत खडूने सुविचार लिहायचे, वेलबुट्टी काढून. उजव्या अर्ध्या भागात ग्रामसेवक सरकारी सूचना लिहायचा. चावडी आडबाजूला, शाळा रस्त्यावर, म्हणून ही सोय. खडीच्या कामाला कुणी कुठं जायचं, मिलो, म्हणजे रेशनची लाल ज्वारी, कधी वाटणार, टँकर कधी येणार, सगळं तिथं. सूचनेच्या शेवटी जागा सोडून खाली कोपऱ्यात तो एकच शब्द लिहायचा, 'हुकमावरून'. बायांना वाचता यायचं नाही. त्या डोक्यावर घागर घेऊन फळ्यापुढं थांबायच्या आणि शाळेतल्या एखाद्या पोरीला म्हणायच्या, "वाच गं बाई, काय म्हनतंय सरकार." पोरगी वरपासून खालपर्यंत वाचायची, 'हुकमावरून'सकट. ते ऐकल्याशिवाय बाया हलायच्या नाहीत. तो शब्द आला की खरं.

त्या हिवाळ्यात चाचणीला मी एक शब्द घातला, गैरफायदा.

आमच्या घरी हा शब्द नव्हता. मला तो कॉलेजात भेटला. घरी आई म्हणायची, 'त्यानं साधून घेतलं.' वडील म्हणायचे, 'मतलब काढला.' शब्दकोशात पाहिलं तर गैर आणि फायदा हे दोन्ही फारसीच्या वाटेने आलेले पाहुणे, पण आता घरचे होऊन बसलेले. अर्थ दिला होता, अयोग्य रीतीने करून घेतलेला लाभ. गाइडात होतं, दुसऱ्याच्या अडचणीतून आपला स्वार्थ साधणे. दोन्ही बरोबर, आणि दोन्ही वाचून डोळ्यापुढं काही उभं राहत नाही. मी वर्गात शब्द फोडून सांगितला आणि म्हणालो, आता तुम्ही मला दाखवा.

दाखवलं ते सुमनने. तिसऱ्या बाकावर बसणारी, वाडीवरून येणारी मुलगी. बोलायची कमी, अक्षर टपोरं. तिने लिहिलं होतं, 'एक घागर प्यायला देण्याआधी बायांकडून लिंबोणीला दोन घागरी घालून घेऊन लिंबवाले नाना आमच्या तहानेचा गैरफायदा घेतात.'

वाचून मी खुर्चीतून उठलो. 'तहानेचा गैरफायदा' असा प्रयोग मी कुठंच वाचला नव्हता. आणि लिंबवाले नाना हे पात्रही फक्कड. मला वाटलं, पोरीने गोष्ट रचली. मी गावात नवा, शाळेच्याच एका खोलीत राहायचो, पाणी शिपाई आणून द्यायचा. ते कुठल्या हौदातून येतं ते मी कधी विचारलं नव्हतं. दोनपैकी दोन गुण दिले आणि ठरवलं की हे वाक्य साऱ्या शाळेने वाचलं पाहिजे.

सोमवारी सकाळी खडू घेऊन फळ्यापुढं गेलो. पाटोळे सर नगरला मीटिंगला गेलेले. डाव्या बाजूला सुविचाराने सगळी जागा खाल्लेली, वेलबुट्टी पार कडेपर्यंत. उजव्या बाजूला मात्र मधोमध मोकळी जागा होती. टँकर मंगळवारी आणि शुक्रवारी येईल, ही सूचना वर आणि 'हुकमावरून' खाली. त्या दोन्हींच्या मधे मी सुमनचं वाक्य माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहिलं. नाव लिहिलं नाही, फक्त वाक्य. मागे सरकून पाहिलं. झकास दिसत होतं.

दिवसभर पोरं फळ्यापुढं घोळका करून उभी होती, एकमेकांना कोपरं मारत होती. मी मनात म्हटलं, भाषेची गोडी लागली.

मंगळवारी टँकर येऊन गेला आणि दुसऱ्या तासाला वर्गाच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. डोक्याला मुंडासं, हातात काठी.

"गुर्जी, त्यो हुकूम कवा आला?"

"कसला हुकूम?"

"फळ्यावरला. आज बाया आल्या, घागरी भरल्या आन् सरळ घराकडं चालू लागल्या. म्या म्हनलं, लिंबोणीचं काय? तर म्हनत्यात, सरकारनं बंद केलंय, फळ्यावर लिव्हलंय. एक तर म्हनली, गैरफायदा हाय त्यो, आता न्हाई चालायचा. मला वाचता येत न्हाई. नानांनी धाडलंय, तुमी कागदावर उतरून द्या."

"कोण नाना?"

त्याने माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्याला सूर्य कुणीकडून उगवतो असं विचारलं होतं. "नाना म्हंजी नाना. लिंबवाले. तुमच्या साळंचे चेरमन."

शाळेच्या स्थानिक समितीच्या अध्यक्षांना मी चेअरमनसाहेब म्हणून ओळखत होतो. माझ्या नेमणुकीच्या वेळी ते समोर बसले होते. रंगनाथराव असं काहीतरी नाव पाटीवर होतं. त्या गावात कुणालाच पाटीवरच्या नावाने हाक मारत नसत हे मला सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. शाळा ज्या जागेवर उभी होती ती जागाही त्यांनीच दिलेली.

मी वर्गाकडं पाहिलं. सगळा वर्ग सुमनकडं पाहत होता आणि सुमन बाकाकडं.

तो माणूस नानांच्या हौदाचा राखणदार. त्याच्याकडून मला सगळं कळलं. वाडीची विहीर आटलेली, तळ भेगाळलेला. टँकर तिच्यात सोडला तर निम्मं पाणी मातीच पिणार. नानांचा हौद सिमेंटचा, रस्त्यालगत. म्हणून टँकर तिथं रिकामा व्हायचा, यात कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण हौदाला लागून नानांची लिंबोणी. झाडं ऐन भरात आलेली. नानांनी रीत पाडली होती की ज्या बाईला एक घागर घरी न्यायची तिने आधी दोन घागरी झाडांना घालायच्या. म्हातारी असो की पोटुशी. बाया घालत होत्या. नानांचे उपकार म्हणत होत्या.

मधल्या सुट्टीत सुमनची आई आली. यमुनाबाई. डोक्यावरचा पदर दातात धरलेला, कडेला रिकामी घागर. पाण्याला निघाल्याचं दाखवून आली असावी. ओट्यावर बसली नाही, उभ्यानेच बोलली.

"गुर्जी, ते वाक्य आमच्या पोरीचं हाय म्हनं."

मी होय म्हणालो.

"कुनाला सांगितलं का?"

"नाही."

"मंग सांगू नगा. तिचा बाप नानांच्या मळ्यात सालानं हाय. नानांनी काय करायच्या आधी त्योच पोरीला साळंतनं काढंल. आधीच म्हनतोय, नववी झाली लई झालं, सोयरिक बघू. म्या कसंबसं अकरावीपतुर कबूल करून घेतलंय." त्या वेळी मॅट्रिक अकरावीला होती. "त्येला निमित पायजेल फकस्त."

"चूक माझी आहे, बाई. मी फळ्यावर लिहिलं."

"चूक कशाची? लिव्हलंय ते खरंच हाय. आमी त्येला साधून घेनं म्हनतो, तिनं साळंतला शब्द घातला." ती थोडी थांबली. "आज पयल्यांदा दोन खेपांत पानी झालं घरात. न्हाईतर पाठ मोडायची. पर तुमी तिचं नाव तेवढं काढू नगा."

ती गेली आणि मी दुपारची पोळी न खाता बसून राहिलो. माझी नोकरी कच्ची होती, पण तिची मला तेवढी धास्ती नव्हती. नोकरी दुसरी मिळाली असती, निदान वडिलांचा माग होता. त्या मुलीला दुसरी शाळा नव्हती.

पाटोळे सर दुपारच्या एसटीने परतले. फाटकातून आत येताना त्यांनी फळा वाचला, फाटकाशी ठेवलेल्या सायकलीला हात न लावता थेट ऑफिसात गेले आणि मला बोलावलं.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"ते दिसतंय. अक्षर चांगलं आहे. वाक्य कुणाचं?"

मी म्हणालो, ते सांगता येणार नाही. ते म्हणाले, "ठीक. मलाही सांगू नका. विचारलं तर मला खोटं बोलावं लागणार नाही." मग त्यांनी माझ्याकडून चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा मागून घेतला, कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. "तुमची जागा शोधायची पद्धत मात्र भारी आहे. नेमकं हुकमाच्या वर."

नाना आले ते चारच्या सुमाराला. धोतर, कोट, पायात करकरीत वहाणा. ऑफिसात आले, बसले नाहीत. चेहरा शांत होता, म्हणून जास्त भीती वाटली.

"हेडमास्तर, ह्या साळंला जागा कुनी दिली?"

"आपण दिली, नाना."

"आन् साळंच्या भितीवर माझी अब्रू कुनी टांगली?"

"मी," मी म्हणालो.

"तुमी नवं आहात. तुमाला लिंबोनी ठाव न्हाई. कुनाच्या तरी पोरानं नायतर पोरीनं लिव्हलंय. चाचनीतलं हाय म्हने. पेपर दावा."

पाटोळे सरांनी चष्मा पुसला. "पेपर पालकांना दाखवतो आम्ही. आपलं कोण आहे नववीत?"

नानांचं नववीत कुणी नव्हतं. थोरला मुलगा पुण्याला होता, धाकट्या मुलीचं लग्न झालेलं. नानांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग माझ्याकडं वळले.

"बरं. मास्तर, तुमी शिकल्याले. मला त्या शब्दाचा अर्थ सांगा."

मी गाइडातला सांगितला. दुसऱ्याच्या अडचणीतून आपला स्वार्थ साधणे.

"अडचन म्या आनली? पाऊस म्या थांबवला?" नानांचा आवाज अजूनही खालीच होता. "हौद माझा. शिमिट माझं. माझा हौद नसता तर ते पानी मातीत गेलं असतं आन् ह्या बाया कालव्यापतुर गेल्या असत्या. म्या पानी इकलं का? रुपाया घेतला का? दोन घागरी झाडाला घातल्या तर हात झिजत्यात का कुनाचे? झाडं लेकरावानी वाढवल्यात म्या. माझा फायदा झाला, कबूल. त्यात गैर काय ते सांगा."

प्रश्न बरोबर होता, हे मला मान्य करावं लागेल. वर्गात एकाही पोराने तो विचारला नव्हता. आणि मी जो शब्द इतक्या ऐटीत शिकवला होता त्याचं उत्तर माझ्या शब्दकोशात नव्हतं. मला वडिलांचा माग आठवला. व्यापारी यायचा तो नेहमी घरात दाणे संपले की यायचा, घोंगडीला नाव ठेवायचा आणि वडील मान खाली घालून देऊन टाकायचे.

मी म्हणालो, "नाना, तुम्ही मागितलं यात काही गैर नाही. पण समोरच्या बाईला नाही म्हणायची सोय नव्हती. ते तुम्हाला माहीत होतं. नाही म्हणता येत नाही हे बघून जो फायदा घेतात त्याला गैर म्हणतात."

"आन् त्यांना नाही म्हनता येतं का न्हाई हे तुमाला काय ठावं?"

"आज आलं की. हुकूम आहे असं वाटल्याबरोबर एकही थांबली नाही."

नानांनी मिशीवर हात ठेवला. बाहेर पाचवीच्या पाढ्यांचा आवाज चालू होता.

"ते पुसा," नाना शेवटी म्हणाले. "आन् चूक झाली म्हनून लिव्हा."

माझी तयारी होती. सुमनचं नाव टळत असेल तर मी दहा वेळा पुसलं असतं. पण पाटोळे सर उठले आणि म्हणाले, "जरूर. पण नाना, नुसतं पुसून भागायचं नाही. लोकांनी त्याला सरकारचा हुकूम समजलंय. पुसलं तर म्हणतील, नानांनी हुकूम दाबला. ग्रामसेवकाला विचारतील, तो तहसिलात विचारील. त्यापेक्षा दुरुस्ती लिहू. चूक काय आणि बरोबर काय. आपण सांगा, हे लिहितील. वाक्य आपलंच असू द्या."

आम्ही तिघं बाहेर आलो. शाळा सुटायची वेळ झालेली आणि वाडीच्या बाया संध्याकाळच्या खेपेला निघालेल्या. चेअरमन, हेडमास्तर आणि मास्तर तिघंही फळ्यापुढं म्हटल्यावर त्या रस्त्याच्या कडेला थांबल्या. यमुनाबाई त्यांच्यात होती. फाटकाजवळ पोरं गोळा झाली. सुमन कुठं दिसते का म्हणून मी पाहिलं नाही. पाहायची हिंमत झाली नाही.

सुविचाराची खालची वेलबुट्टी पुसून मी थोडी जागा केली आणि खडू टेकवला. "सांगा, नाना."

"लिव्हा. सर्व बायांना कळवन्यात येतं की…"

मी लिहिलं. पोरं मोठ्यानं वाचत होती, अक्षर उमटेल तसं.

"…त्यांनी पहिल्यापरमानं एक घागर न्यायच्या आधी…"

"एक घागर नेण्याआधी," मी लिहिलं.

"…लिंबोनीला दोन घागरी…"

"दोन घागरी," पोरांनी म्हटलं.

"घालाव्यात."

मी 'घालाव्यात' लिहिलं आणि थांबलो. पाटोळे सर हळूच म्हणाले, "का, ते लिहावं लागेल, नाना. हुकमात कारण असतं."

"कारन…" नाना म्हणाले.

त्यांनी बायांकडं पाहिलं. एका म्हातारीने घागर डोक्यावरून काढून कडेवर घेतली, एवढंच. मी खडू फळ्यावर टेकवून उभा. आयुष्यात मी पोरांना हजारदा म्हटलंय, वाक्य पूर्ण करा. त्या वेळी म्हणावं लागलं नाही. नाना वाक्य पूर्ण करायला बघत होते. ओठ हलत होते. उपकार हा शब्द त्यांच्या तोंडाशी आला असावा, असं मला आजही वाटतं. चांगल्या उजेडात, साऱ्या वाडीसमोर, तो शब्द त्यांना लिहवून घेता येईना.

मग त्यांनी माझ्या हातातलं फडकं घेतलं. मला वाटलं, आता सगळा फळा पुसतील. त्यांनी आधी आपलं अर्धं वाक्य पुसलं, नीट, कोपऱ्यापासून. नंतर उजवीकडं सरकले आणि सुमनच्या वाक्यातले दोनच शब्द पुसले, 'लिंबवाले नाना'. तिथं ओला काळा डाग राहिला. बाकीचं वाक्य जागेवर.

"नाव नगं," ते म्हणाले. "बाकीचं ऱ्हाऊ द्या. वाक्य बरं झालंय."

राखणदार काठी घेऊन मागं उभा होता. नाना त्याला म्हणाले, "बायांना आडवू नको हितनं म्होरं. लिंबोनीला गाडीनं पानी आनू कालव्यावरनं. जगल ती जगल."

बाया निघाल्या. कुणी नानांचे आभार मानले नाहीत आणि कुणी टोमणाही मारला नाही. वळणावर गेल्यावर मात्र त्यांच्यातून हसण्याचा आवाज आला. असा आवाज त्या वर्षी मी त्या रस्त्यावर आधी ऐकला नव्हता.

नाना फाटकापर्यंत गेले आणि परत आले. मला वाटलं, आता नाव विचारणार. वाडीवरून नववीत येणाऱ्या मुली अशा होत्या किती? विचारायचीही गरज नव्हती.

"मास्तर, किती मार्क दिले वाक्याला?"

"दोनपैकी दोन."

"आता नाव पुसलं. एक कापा."

पाटोळे सर म्हणाले, "पेपरात नाव तसंच आहे, नाना. पेपर कुलपात आहे."

नानांनी दोघांकडं पाहिलं. मग मला म्हणाले, "कुनाचं लेकरू हाय ते म्या इचारलं तर सांगाल का?"

"नाही."

"मंग कशाला इचारू," म्हणाले आणि गेले. वहाणांचा आवाज बराच लांबपर्यंत येत होता.

लिंबोणीची काही झाडं गेली, बरीचशी जगली. पुढच्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगला नानांनी सरबतासाठी टोपलीभर लिंबं पाठवली. पाटोळे सर पेला हातात घेऊन मला म्हणाले, "प्या. याला कुणी नाव ठेवणार नाही." नोकरीत मी कायम झालो, त्या ठरावावर सही नानांचीच. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो, आणि त्या दोन घागरींचा राग अजून गेलेला नाही. दोन्ही खरं आहे. माणसाचं एकच वाक्य करता येत नाही.

हळहळ एका गोष्टीची आहे. त्या दिवसानंतर मी वर्गाला सांगू लागलो की वाक्य गावचं लिहा, पण त्यात खऱ्या माणसाचं नाव नको. शहाणपणाची सूचना होती. पण नाव गेलं की हळूहळू घागरी जातात, लिंबोणी जाते, आणि एक दिवस पोरं पुन्हा 'काही लोक' असं लिहायला लागतात. काही लोक गरिबांचा गैरफायदा घेतात. अर्थ बरोबर, व्याकरण बरोबर. अशा वाक्यांना नोकरीभर मी दीड गुण देत आलो. कुणी तक्रार केली नाही. अर्थ सांगताना मात्र मी गाइड कधीच वापरलं नाही. 'समोरच्याला नाही म्हणायची सोय नसते तेव्हा घेतलेला फायदा', एवढंच सांगायचो. आता वर्तमानपत्रात तो शब्द रोज कुणी ना कुणी कुणाला तरी फेकून मारतो. वाचताना मी सवयीने विचारतो, कुणाला नाही म्हणता येत नव्हतं? बहुतेक वेळा उत्तर सापडतं. कधी नाही सापडत, तेव्हा मी तो गुण कापतो.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मला यातलं काही माहीत नव्हतं. नाना गेले तरी सुमनचा बाप होताच, आणि तो मळ्यातून घरी गेल्यावर काय होईल याचा अंदाज कुणालाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्गात गेलो तो मुद्दाम उशिरा. आत शिरताना तिसऱ्या बाकाकडं पाहायचं नाही असं ठरवलं होतं. टेबलाशी बसलो, हजेरी उघडली, मान वर न करता नावं घेऊ लागलो. मुलांची संपली. मुलींची सुरू झाली. सुमनच्या नावापाशी आलो. नाव घेतलं.

"हजर, सर."

गरजेपेक्षा जरा मोठ्यानेच म्हणाली. मी पेन टेकवून तसाच बसून राहिलो. शेवटी पुढच्या नंबरच्या मुलीने स्वतःच सांगितलं, "सर, माझं नाव घ्यायचं ऱ्हायलं."